श्रीगुरुचरित्रातील दांपत्ये आणि आपला संसार

दत्तजयंती जवळ आली की दत्तभक्तांच्या घरी सप्ताहाची तयारी सुरू होते. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या बेताने दिवस मोजले जातात, पोथी कापडातून बाहेर निघते, चौरंग धुतला जातो, सोवळ्याची शोधाशोध होते. वाचायला बसणारा बहुधा एकच असतो. त्याच्यासाठी सात दिवस वेगळे हविष्यान्न शिजवणारी, दारावरची बेल दुसऱ्यांदा वाजू नये म्हणून धावत जाणारी, नातवंडांना "आजोबा वाचतायत, आवाज नको" म्हणून गप्प करणारी व्यक्ती दुसरीच असते. पोथीचे पुण्य दोघांना मिळते असे आपण म्हणतो, आणि ते मिळतही असेल. पण त्या सात दिवसांत दोघांचे बोलणे किती झाले आणि कुरबुर किती झाली, हा हिशोब कोणी ठेवत नाही.

संसार सुखाचा कसा करावा यावर हल्ली पुस्तके, व्याख्याने, शिबिरे पुष्कळ निघाली आहेत. त्यात 'माइंडफुलनेस' हा शब्द वारंवार येतो. आपल्याकडे त्याला जवळचा जुना शब्द आहे, अवधान. लग्नात मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्यानंतर भटजी 'सावधान' म्हणतात तेव्हा अक्षता पडतात आणि आपण तो शब्द विसरून जातो. तो ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले ही कथा आपण हसत सांगतो. पण जे बोहल्यावर थांबले, त्यांनाही तो शब्द सांगितलेला होताच की!

श्रीगुरुचरित्र हा ग्रंथच मुळी ऐकण्याचा आहे. नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतात, असा तो सगळा संवाद आहे. नामधारक मध्येच शंका काढतो, सिद्धमुनी रागवत नाहीत, उलट शंका विचारलीस हे बरे केलेस असे म्हणतात. या संवादात सरस्वती गंगाधरांनी कितीतरी जोडपी आपल्यासमोर आणली आहेत. अत्री-अनसूया, पीठापूरचे आपळराज-सुमती, कारंज्याचे माधव-अंबा, अमरापूरचे गरीब ब्राह्मण दांपत्य, माहूरहून गाणगापुरास आलेले तरुण जोडपे, परान्न न घेणारा ब्राह्मण आणि त्याची बायको, साठीला पोचलेली गंगा आणि तिचा नवरा सोमनाथ. श्रीनृसिंहसरस्वती स्वतः संन्यासी. तरीही त्यांच्यापुढे येणारी निम्मी दुःखे घरातली, नवरा-बायकोची. त्यांनी कोणालाही "हे संसारातले आहे, माझ्याकडे आणू नका" म्हणून परत पाठवले नाही.

आपण पोथी वाचतो ती बहुधा फळासाठी. कोणाला नोकरी, कोणाला मुलीचे लग्न, कोणाला दुखणे. त्यामुळे आपले लक्ष चमत्कारावर असते. चमत्काराच्या आधी नवरा-बायको एकमेकांशी काय बोलले, या ओव्या जिभेवरून घसरून जातात. गेली काही वर्षे मी त्याच ओव्यांपाशी थोडा थांबत आलो आहे, आणि जे दिसले ते इथे मांडतो. हे प्रवचन नाही, अभ्यासकाचे टिपण म्हणून वाचावे.

पहिल्या दिवशीच्या वाचनात ४ था आणि ५ वा अध्याय येतो. ४ थ्या अध्यायात तिन्ही देव अतिथीच्या वेषात अनसूयेच्या दारी येतात तेव्हा अत्री ऋषी अनुष्ठानासाठी बाहेर गेलेले असतात. अतिथींची मागणी विचित्र आहे, विवस्त्र होऊन वाढ. निर्णय तिला एकटीला घ्यावा लागतो आणि ती तो घेते. देवांची बाळे होतात. अत्री परत येतात तो घरात पाळणा हलतोय! आता आपण स्वतःला त्यांच्या जागी ठेवून बघावे. बाहेरून घरी आलो आणि आपल्या माघारी एवढी मोठी गोष्ट घडलेली. आपले पहिले वाक्य काय असेल? "मला विचारल्याशिवाय?" अत्री असे म्हणत नाहीत. ती सांगते, ते ऐकतात, ज्ञानाने ओळखतात आणि हात जोडतात.

अनसूया या नावाचा अर्थही पाहण्यासारखा आहे. जिच्या ठायी असूया नाही ती अनसूया. असूया म्हणजे नुसता मत्सर नव्हे. दुसऱ्याच्या गुणातही दोष काढणे ही असूया. संसारात मत्सर फार नसतो, पण ही दुसरी असूया रोज असते. बायकोने नीटनेटकेपणा केला की "हिला स्वच्छतेचं वेड आहे", नवऱ्याने काटकसर केली की "यांच्या हातून पैसा सुटत नाही". गुण तोच, पण नाव बदलून सांगितला की दोष होतो. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात अशी नावे बदलून बदलून माणसाचा खरा चेहरा झाकला जातो.

५ व्या अध्यायातला प्रसंग तर त्याहून घरगुती आहे. पीठापुरात आपळराजाच्या घरी अमावास्येचे श्राद्ध आहे. ब्राह्मण अजून जेवायचे आहेत. दाराशी भिक्षेकरी येतो आणि सुमती त्याला भिक्षा घालते. श्राद्धाच्या स्वयंपाकातले अन्न ब्राह्मणांच्या आधी बाहेर गेले, ही त्या काळच्या घरात लहान गोष्ट नव्हती. ते भिक्षेकरी म्हणजे साक्षात श्रीदत्त असतात, ते तिला वर देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ती नवऱ्याला सांगायला जाते तेव्हा तिच्या बोलण्यात अपराधाची छटा आहे. आणि ते ऐकून आपळराजाला संतोष होतो. लाभच झाला, माझे पितर तृप्त झाले, असे तो म्हणतो. श्रीपाद श्रीवल्लभांचा जन्म होतो तो या घरात. माझ्या मते इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी घरात एकाने भीत भीत सांगितले, दुसऱ्याने प्रसन्नपणे ऐकले, आणि मग अवतार आला.

बायको किंवा नवरा आपल्याला काही सांगायला घाबरतो का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. खरेदीची पावती लपवावी लागते का? माहेरी पाठवलेले पैसे न सांगता पाठवावे लागतात का? मुलाने नोकरी सोडली हे बापाला सांगायच्या आधी आई आणि मुलगा कुजबुजतात का? घरात लपवाछपवी वाढली की समजावे, ऐकणाऱ्याचा चेहरा ऐकण्यासारखा राहिलेला नाही.

श्राद्धाच्या स्वयंपाकावरून पैठणचे नाथ आठवतात. एकनाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी, थोर दत्तभक्त, आणि स्वतः गृहस्थ. श्राद्धाच्या दिवशी नाथांनी ते अन्न वाटेवरच्या भुकेल्यांना घातले आणि मग पुन्हा स्वयंपाक झाला, ही कथा आपण नाथांच्या भूतदयेची म्हणून सांगतो. पुन्हा चूल पेटवली कोणी? गिरिजाबाईंनी. एवढ्या माणसांचे पुरण, वडे, भात, सगळे पुन्हा. नाथांची दया नाथांच्या हातून जगापर्यंत पोचली ती गिरिजाबाईंच्या कमरेच्या बळावर. कथाकारांनी गिरिजाबाईंना कधी कुरकुरताना दाखवले नाही, आणि नाथांनीही त्यांना गृहीत धरलेले दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असाव्या लागतात. एकीच्या न कुरकुरण्यावर दुसऱ्याने गृहीत धरण्याचा मजला चढवला तर ते घर फार दिवस उभे राहत नाही.

दुसऱ्या दिवशी १८ वा अध्याय येतो. अमरापूरचा ब्राह्मण कोरान्न मागून आणणारा. दाराशी घेवड्याचा वेल. ज्या दिवशी धान्य मिळत नसे त्या दिवशी त्याच शेंगा उकडून घरातली माणसे राहत. श्रीगुरू भिक्षेला येतात, घेवड्याची भाजी जेवतात, तृप्त होतात, आणि जाताना तो वेल तोडून टाकतात! बायको आणि मुले रडू लागतात. तिने काय अपराध केला होता? घरात होते ते वाढले, आणि वाढलेल्याने ताट तर रिकामे केलेच, ताटाचा उगमही उपटला.

इथे पोथी अगदी प्रामाणिक आहे. नवरा तिच्यावर रागावतो असेच तिथे म्हटले आहे. मग तो प्रारब्धाचे सांगतो, देणारा ईश्वर आहे म्हणतो, तिची समजूत घालतो. पुढे तो वेलाचे मूळ काढायला जातो आणि द्रव्याचा कुंभ सापडतो. कीर्तनकार इथे पटकन कुंभावर येतात. आपण दोन मिनिटे त्या रडण्यापाशी थांबू या. नवऱ्यापुढे तत्त्व आहे, तिच्यापुढे उद्याचे भांडे आहे. दोघेही खरे आहेत. नव्वद टक्के भांडणे अशीच असतात (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कोणी पुरावा मागू नये). एक जण चूक आणि एक जण बरोबर असे क्वचितच असते. एक जण वरून बघतो आणि एक जण खालून. पोटातल्या काळजीला वेदान्त सांगितला की ती काळजी कमी होत नाही, फक्त बोलायची बंद होते. अमरापूरच्या ब्राह्मणाचे मला कौतुक वाटते ते यासाठी की तो रागावून बाहेर ओसरीवर जाऊन बसला नाही. रागावला, पण तिथेच राहिला, समजावले आणि मग हातात कुदळ घेतली. समजूत घालण्यापेक्षाही ते कुदळ घेणे मला मोठे वाटते.

आता चौथा दिवस. ३० ते ३२ हे अध्याय वाचताना आजच्या काळात अनेकांना अडखळायला होते. माहूरच्या तरुण मुलाला क्षय झाला आहे. बायको त्याची सेवा करते. नवरा जेवेल तेवढेच ती जेवते. पुढे सासूसासऱ्यांची आज्ञा घेऊन त्याला गाणगापुरास आणते. तिथे पोचता पोचता तो जातो, आणि पुढे श्रीगुरुकृपेने उठतो. मध्ये ३१ व्या अध्यायात स्त्रीधर्म येतो, आणि त्यानंतर सहगमनाचा आणि विधवाधर्माचा विषय येतो. हे त्या शतकातले आहे. सतीची चाल १८२९ साली कायद्याने बंद झाली आणि ते योग्यच झाले. पोथीवर पूर्ण श्रद्धा ठेवूनही, पूर्वी सांगितलेला आचारधर्म आणि कायमचे तत्त्व यांत फरक करता येतो. आपण प्रवासाचे, आहाराचे, स्पर्शास्पर्शाचे कितीतरी जुने नियम बाजूला ठेवले आहेत. तेव्हा बायकोने सोसावे एवढाच नियम हट्टाने पाळणे हे काही श्रद्धेचे लक्षण नव्हे.

आणि हे स्पष्टच लिहितो. ज्या घरात मारहाण आहे, दारू पिऊन छळ आहे, त्या घरातल्या बाईला ३१ वा अध्याय दाखवून "सोस, गुरू बघतोय" असे सांगणे हा पोथीचा दुरुपयोग आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे, १८१ या क्रमांकावर महिलांसाठी मदत मिळते. आपल्या सत्संगातल्या एखाद्या भगिनीला ही माहिती हळूच सांगणे ही सुद्धा सेवाच. या लेखातले बाकीचे सगळे बोलणे ज्या घरात भीती नाही, फक्त कंटाळा, अबोला आणि गैरसमज आहेत, त्या घरांसाठी आहे. अशी घरे जास्त आहेत.

माहूरच्या कथेतून आजही घेण्यासारखे आहे ते त्या मुलीचे लक्ष. आजारी माणूस किती जेवला हे तिला ठाऊक आहे. साठीनंतर दोघांपैकी एकाला काही ना काही लागते. रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, गुडघ्याचा पट्टा. जोडीदाराच्या गोळ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत का? पोथीचे अध्याय पाठ असणारे आणि बायकोच्या गोळ्यांचे नाव न सांगता येणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. दवाखान्यात डॉक्टर विचारतात तेव्हा ते मुलीला फोन लावतात.

पण माझ्या मते संसाराचा खरा अध्याय पाचव्या दिवशी येतो, ३६ वा.

गाणगापुरात एक ब्राह्मण आहे. मोठा कर्मनिष्ठ. परान्न घ्यायचे नाही, कोणाचे दान घ्यायचे नाही, असा त्याचा नेम. गावात रोज कोणाकडे ना कोणाकडे समाराधना होतात, दांपत्यांना आमंत्रणे असतात, गोडधोड असते, दक्षिणा आणि वस्त्रे असतात. हा जात नाही, त्यामुळे बायकोलाही जाता येत नाही. शेजारणी जेवून येतात, काय काय होते ते सांगतात. ही घरी कोरड्या भिक्षेवर. पोथीत तिला चांगले म्हटलेले नाही, भांडखोर म्हटले आहे. तरीही आपण तिची बाजू ऐकून घेऊ. नेम कोणाचा? त्याचा. उपास कोणाचा? दोघांचा. नेम घेताना तिला विचारल्याचे पोथीत कुठे आलेले नाही.

एके दिवशी कोणी श्रीमंत भक्त येतो, दांपत्ये जेवायला बोलावतो. ती नवऱ्याला म्हणते, चला. तो नाही म्हणतो. मग ती सरळ श्रीगुरूंकडे जाते आणि तक्रार मांडते. श्रीगुरू काय करतात हे मन लावून वाचण्यासारखे आहे. तिला 'पतीची निंदा करतेस' म्हणून ते हाकलत नाहीत. हसतात. नवऱ्याला बोलावून घेतात आणि सांगतात, आज जा, हिच्या मनासारखे कर. घरच्या स्त्रीचे मन दुःखी ठेवू नये, असा त्या सांगण्याचा भाव. तो म्हणतो, माझा नेम आहे, पण गुरुवाक्य मोडणार नाही. आणि तो जातो.

हे मला फार मोठे वाटते. नेम त्याचा योग्य होता. पुढे श्रीगुरू स्वतः परान्नाचे दोष सांगतात, म्हणजे तत्त्वाने ते त्याच्याच बाजूचे आहेत. तरी आधी तिचे मन. आधी तिच्याबरोबर पंक्तीला बसून ये, मग तत्त्व बोलू.

पंक्तीत तिला काय दिसले ते प्रसिद्ध आहे. आपल्याबरोबर कुत्री आणि डुकरे जेवताहेत असे दिसून तिला किळस येते. ती नवऱ्याला सांगते, दोघे परत श्रीगुरूंकडे येतात, ती क्षमा मागते. नवरा म्हणतो, माझ्या नेमाला बाध आला. श्रीगुरू सांगतात, दोष नाही, हिचे मन राखण्यासाठी तुला पाठवले, आता हिची वासना जाईल. त्यानंतर कोणाकडे जेवावे, कोणाकडे जेवू नये याचे विवेचन येते.

इथे थांबून विचार केला तर एक गोष्ट हाती लागते. तिची इच्छा गेली ती रोजच्या "नाही"मुळे गेली नाही. नवरा इतकी वर्षे नाही म्हणत होता, त्याने ती वाढलीच. ज्या दिवशी तो तिच्याबरोबर उठून गेला, त्या दिवशी तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले, आणि मग तिने ते सगळ्यांत आधी कोणाला सांगितले? नवऱ्याला. जो शेजारी बसलेला होता त्याला. तो घरी नेम सांभाळत बसला असता तर सांगायला शेजारी कोणी नव्हते.

आपल्या घरांत हे असेच घडते, फक्त परान्नाच्या जागी दुसरे काही असते. निवृत्त झालेल्या माणसाचा परमार्थ वाढतो. नोकरीत असताना दहा मिनिटांची पूजा होती, ती दीड तासाची होते. बाराला नैवेद्य हवा, त्याआधी स्वयंपाकघरात कोणी शिवायचे नाही, एकादशी, प्रदोष, गुरुवार, दर पौर्णिमेला वाडी किंवा गाणगापूर. हे सगळे चांगलेच आहे. पण ज्या दिवशी हा निवृत्त झाला त्या दिवशी त्याची बायको निवृत्त झाली नाही. तिला वाटत होते, आता जरा नाटकाला जाऊ, बहिणीकडे चार दिवस राहू, संध्याकाळी बागेत फिरू. एका ओळखीच्या बाईंनी हसत हसत म्हटलेले वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणाल्या, "भाऊजी, सप्ताह यांचा असतो आणि वनवास माझा." त्यांचे यजमान शेजारीच बसले होते, तेही हसले. त्या हसण्यात त्यांना ते ऐकूच आले नाही असे मला वाटते.

नेम घेण्याआधी घरात विचारावे. एवढेच साधे आहे, पण करून पाहिल्यावर कळते की किती अवघड आहे. "मी यंदा सप्ताहाला बसतोय" हे विचारणे नव्हे, ते कळवणे आहे. विचारणे म्हणजे, "मी बसू का? बसलो तर तुझ्यावर काय काय पडेल? त्यातलं मी काय करू?" आणि तिने "यंदा नको, माझा गुडघा दुखतोय" म्हटले तर त्याला तयार असणे. एखाद्या वर्षी सात दिवसांच्या ऐवजी रोज एक अध्याय वाचला तर दत्तमहाराज रुसणार नाहीत. ३६ व्या अध्यायात त्यांनी नेमकडव्या माणसाला काय सांगितले ते आपण वाचलेच आहे.

हे उलटही लागू आहे. बायकोचे व्रत, बायकोचे भजनी मंडळ, बायकोचे गुरू, त्यापायी नवरा घरात एकटा पडलेला अशीही घरे आहेत. स्त्रियांनी गुरुचरित्र वाचावे की नुसते ऐकावे, या वादात मी इथे शिरत नाही. पण ऐकणारी व्यक्ती घरात असेल तर वाचणाऱ्याने एवढ्या मोठ्याने आणि सावकाश वाचावे की तिला ऐकू यावे. पुटपुटत एकट्याने संपवले की संवादग्रंथाचा संवादच गेला.

बोलायचे कसे, याबद्दल माझ्या जुन्या व्यवसायातला एक दाखला देतो. बँकेत संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पाच रुपयांचा फरक असला तरी त्याच दिवशी शोधायचा. उद्यावर टाकला की त्यात उद्याचे व्यवहार मिसळतात, मग तो फरक सापडत नाही. आणि शोधताना रीत अशी की आधी आपले व्हाउचर, आपली बेरीज पुन्हा बघायची, मग शेजारच्या काउंटरला विचारायचे. शेजाऱ्यापासून सुरुवात केली की फरक राहतो बाजूला आणि भांडण सुरू होते. घरातल्या फरकाचेही तसेच. रात्री दिवा मालवायच्या आधी दहा मिनिटे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, आज काय राहून गेले एवढे विचारायचे. उत्तर "काही नाही" आले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसेल तर पहिल्या आठवड्यात "काही नाही" हेच उत्तर येणार.

कर्जाच्या बाबतीत हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की ते खाते अनुत्पादित धरतात, हे अनेक वाचकांना माहीत असेल. अबोल्यासाठी इतकी मुदत कोणी देऊ नये. पोथीतल्या त्या बाईचे एक बरे होते, तिने मनात ठेवले नाही. आधी नवऱ्याला सांगितले, त्याने ऐकले नाही तेव्हा अशा ठिकाणी गेली जिथे दोघांचाही विश्वास होता. तिने शेजारणींपुढे रडगाणे गायले नाही, माहेरी निघून गेली नाही. दोघांनाही मान्य असलेला तिसरा माणूस शोधणे यात कमीपणा काही नाही. आज ते काम एखादा समजूतदार नातेवाईक करेल, एखादा प्रशिक्षित समुपदेशक करेल. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातही आधी समेटाचा प्रयत्न करावा अशीच अपेक्षा आहे आणि त्यासाठी समुपदेशकांची तरतूद आहे. मात्र तो तिसरा माणूस हसून दोन्ही बाजू ऐकणारा हवा. एका बाजूने आधीच निकाल लावून बसलेला मामा किंवा आत्या बोलावली तर प्रकरण वाढते.

प. पू. टेंबेस्वामी महाराजांना आपण संन्यासी म्हणून वंदन करतो. पण माणगावचे वासुदेवशास्त्री आधी गृहस्थ होते. अन्नपूर्णाबाई त्यांच्याबरोबर घर सोडून यात्रेला निघाल्या, दत्ताज्ञेने चाललेल्या त्या अनिश्चित प्रवासात त्या सोबत राहिल्या, आणि १८९१ साली गंगाखेडला गोदातीरी त्यांनी देह ठेवला. त्यानंतरच महाराजांनी संन्यास घेतला. एवढ्या तीव्र वैराग्याच्या पुरुषानेही पत्नी असेपर्यंत गृहस्थाश्रम टाकला नाही. आपल्यासारख्यांनी, ज्यांचे वैराग्य सकाळच्या चहाला दहा मिनिटे उशीर झाला की डळमळते, त्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता व्यवहाराचे. आमच्या सत्संगातल्या एका जोडप्याने तीन वर्षांपासून सप्ताहाची पद्धत बदलली आहे. गृहस्थ पहाटे साडेचारला बसतात आणि घर उठायच्या आत बरेचसे वाचन उरकतात. उरलेले अध्याय दुपारी, पत्नी शेजारी खुर्चीवर बसून ऐकते तेव्हा. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, म्हणून खुर्ची. सुरुवातीला यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले, आता कोणी काही म्हणत नाही. हविष्यान्न त्यांचे ते स्वतः शिजवतात, दूध-भात, त्याला काही फार विद्या लागत नाही. पाचव्या दिवशी, ३६ वा अध्याय झाला की, त्या दिवसाचे बाकीचे वाचन सुरू करण्याआधी दोघे चहा घेतात. मौन त्या वेळेपुरते नाही असे त्यांनी ठरवून टाकले आहे. समाप्तीला एक मेहूण जेवायला असते, आणि त्या पंक्तीत ती दोघेही जेवायला बसतात, वाढायला सून आणि मुलगा. नैवेद्याला घेवड्याची भाजी असतेच. शेंगा निवडायचे काम गृहस्थांनी स्वतःकडे घेतले आहे. शिरा नीट निघत नाहीत म्हणून वहिनी अजूनही दर वर्षी बोलतात, आणि त्यांच्या पाठीमागे थोड्या शेंगा पुन्हा निवडतात.